मेडिकल, नॉन-मेडिकल

चंदिगडला दहावीनंतर सायन्स घेणाऱ्यांचे दोन गट पडत. बायोलॉजी घेतलेले ‘मेडिकल’ आणि गणित घेतलेले ‘नॉन-मेडिकल’. दुकानदार, रिक्षावाले, शेजारपाजारचे सगळे हेच शब्द वापरत. गणिताला तिथे स्वतःचं नावसुद्धा नव्हतं. मला त्याचा राग यायचा, कारण मला गणितच आवडायचं.

बाबा केंद्र सरकारच्या हिशेब तपासणी खात्यात होते. भोपाळ, जयपूर करत आम्ही चंदिगडला आलो, तेव्हा मी सातवीत होते. आई लग्नाआधी कराडजवळच्या एका गावात शाळेत शिकवायची. बाबांची पहिली बदली झाली आणि तिनं नोकरी सोडली. पुढच्या प्रत्येक गावात तिनं शाळांचे उंबरे झिजवले. कुठे हिंदी कच्चं म्हणून, कुठे तिथला अनुभव नाही म्हणून तिला परत पाठवलं. चंदिगडला तिनं विचारायचंही सोडून दिलं. दुपारी क्वार्टरच्या मागच्या अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांजवळ ती नुसती बसून असे. मी शाळेतून आले की म्हणायची, “आलीस? आज काय शिकवलं?” आणि मी सांगत असे तेव्हा तिचे ओठ हलत, जणू तीच वर्गात उभी आहे.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला एक डॉक्टरबाई यायच्या. मोठ्या सरकारी इस्पितळात होत्या. त्यांच्या यजमानांच्याही बदल्या होत आणि प्रत्येक गावात बाईंना आठवड्याभरात काम मिळे. हे त्यांनी सहज सांगितलं होतं, प्रसादाची वाटी हातात घेऊन. आईनं ते मनात धरून ठेवलं. परतताना ती बाबांना म्हणाली, “हिला डॉक्टर करायचं.” बाबा म्हणाले, “बघू, वेळ आहे.” आईच्या बाजूनं तिथेच ठरलं.

दहावीला मला गणितात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. निकालानंतर चारआठ दिवसांनी आमच्या गणिताच्या मॅडम स्कूटरवरून घरी आल्या. उंच, सडपातळ सरदारनी, फळ्यावर लिहिताना बांगडी कोपरापर्यंत मागे सारायच्या. शाळेतल्या मॅडम घरी आल्या म्हणून आईची तारांबळ उडाली. तिनं पोहे केले. मॅडमनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, “बहनजी, इसको नॉन-मेडिकल दिलाओ. ऐसा दिमाग़ रोज़ नहीं मिलता.”

आईचं हिंदी तेव्हा बरं झालं होतं, पण या वेळी ती अडखळली. “मॅडम, मैं भी टीचर थी,” ती म्हणाली. “मेरा सब छूट गया. इसका आदमी जहाँ जाएगा, वहाँ इसको काम मिलना चाहिए. डॉक्टर को सब जगह मिलता है ना?”

मॅडमनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “दोनों ले ले. बायो भी, मैथ्स भी. मैथ्स एडिशनल. मेहनत करेगी.”

आई माझ्याकडे वळली. “झेपेल का गं तुला?”

“हो,” मी म्हणाले. त्या दिवशी मला वाटलं, सगळं सुटलं.

प्लस वनला, म्हणजे अकरावीला, मी दोन्ही विषय घेतले. मला ते दिवस नीट आठवतात, कारण तसा आनंद पुन्हा फारसा वाट्याला आला नाही. सकाळच्या पहिल्या तासाला मॅडम नवीन धडा काढत आणि मी त्यांच्या आधीच उत्तरापर्यंत पोचलेली असे. त्या बघत, पण मला गप्प राहायची खूण करत, इतरांनाही वेळ मिळावा म्हणून. मग वेळापत्रक बदललं. बायोलॉजीची प्रॅक्टिकल आणि गणिताचा तास एकाच वेळी आले. मॅडमनी बदलून घ्यायचा खूप प्रयत्न केला. शाळा म्हणाली, एका मुलीसाठी सगळ्यांचं वेळापत्रक हलणार नाही. प्राचार्यांनी आईला बोलावून घेतलं.

आई त्यांच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा मी व्हरांड्यात उभी होते. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आपण बायो ठेवलंय,” ती म्हणाली. “गणित काय, तू घरीही सोडवशील.”

घरी मी कधीच सोडवलं नाही. ट्यूशन सुरू झाल्या. एका सेक्टरमध्ये झूलॉजी, दुसऱ्यात केमिस्ट्री, मध्ये सायकल. डिसेंबरात धुकं इतकं दाट असे की पुढचा सिग्नल दिसत नसे. सायकलच्या हँडलला हात चिकटून राहत. ट्यूशनच्या भिंतींवर निवड झालेल्या मुलामुलींचे फोटो लावलेले असत. मी झाडांची लॅटिन नावं पाठ करत होते आणि ती दुसऱ्या दिवशी विसरत होते. पाठांतर मला कधी जमलंच नाही.

पहिल्या वर्षी प्रवेश परीक्षेत माझा नंबर खूप खाली आला. आई म्हणाली, “एक वर्ष थांबू.” त्याला तिकडे ड्रॉप घेणं म्हणत. वर्गातल्या मुली कॉलेजात गेल्या आणि मी पुन्हा त्याच खोल्यांमध्ये त्याच वह्या घेऊन बसले. दुसऱ्या वर्षी नंबर वर आला, तरी जागेपर्यंत पोचला नाही. महाराष्ट्रात प्रयत्न करावा म्हणून बाबांनी चौकशी केली, तर दहावी-बारावी तिकडची नाही म्हणून आम्ही बाहेरचे ठरलो. बाबा फोन ठेवून म्हणाले, “आपण तिकडचेही नाही आणि इकडचेही नाही.” आई स्वयंपाकघरात गेली आणि दिवसभर बाहेर आली नाही.

मी बी.एस्सी.ला गेले. तोवर सगळं शहर कॉम्प्युटरच्या मागे लागलं होतं. प्रत्येक मार्केटच्या वरच्या मजल्यावर क्लास उघडले. माझ्या जुन्या वर्गातल्या नॉन-मेडिकलच्या मुली बंगळूरला निघाल्या, एकदोघी तिथून अमेरिकेला गेल्या. शेवटच्या वर्षी मी मनाशी ठरवलं, एम.सी.ए. करायचं. आईला सांगितलं, तर ती लगेच म्हणाली, “चल, मीपण येते.”

युनिव्हर्सिटीच्या खिडकीशी रांग होती. आई जवळच्या बाकावर बसली. माझी पाळी आल्यावर आतल्या माणसानं मार्कशीटवर बोट फिरवलं. “मैथ्स कहाँ है? प्लस टू में मैथ्स था?”

“नहीं, जी.”

“ग्रेजुएशन में?”

“नहीं.”

“फिर तो नहीं हो सकता, बेटा,” तो म्हणाला. चांगला माणूस होता, दोनदा म्हणाला.

मी वळले तेव्हा आई बाकावरून उठली होती. तिनं ऐकलं होतं. बसस्टॉपपर्यंत आम्ही अमलतासाच्या, म्हणजे बहाव्याच्या झाडांखालून चालत गेलो. बसमध्ये तिनं माझी पर्स आपल्या मांडीवर घेतली आणि तशीच घट्ट धरून बसली.

पुढच्या आठवड्यात ती मला न सांगता शाळेत गेली. नुसतं बारावीचं गणित आता बाहेरून देता येईल का, हे तिला मॅडमना विचारायचं होतं. मॅडम रिटायर होऊन मुलाकडे कॅनडाला गेल्या होत्या. ऑफिसातल्या माणसानं तिला सांगितलं, त्याची मुदत कधीच संपली. हे तिनं मला संध्याकाळी भाजी निवडताना सांगितलं, मान वर न करता. “मला वाटलं, अजून काही करता येईल,” ती म्हणाली. मी मेथी घेऊन शेजारी बसले.

मी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलं आणि एका खासगी लॅबमध्ये लागले. बाबा रिटायर झाल्यावर दोनच वर्षांत गेले. चंदिगडला लागूनच असलेल्या झिरकपूरला, नव्यानं उभ्या राहिलेल्या इमारतीत मी आणि आई राहू लागलो. माझं लग्न झालं नाही. दोनतीन ठिकाणी बोलणी झाली आणि विरली. ज्याच्या बदल्यांसाठी मला तयार केलं होतं, तो माणूस आलाच नाही.

आई गावाकडच्या लोकांना फोनवर सांगायची, “ती इस्पितळात असते.” एका लग्नात कुणी तरी मला डॉक्टर म्हणालं आणि आईनं ते चालू दिलं. त्यात तिला मिळणारा थोडासा आनंद काढून घ्यावा, असं मला वाटलं नाही.

मग एका हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. वॉर्डात माझ्या माघारी तिनं नर्सना, शेजारच्या पेशंटना, सगळ्यांना मुलगी डॉक्टर आहे म्हणून सांगून ठेवलं होतं. सकाळी एक तरुण डॉक्टर राउंडला आला. एक्स-रे उजेडाकडे धरून माझ्याशी इंग्रजीत भराभर बोलू लागला. मध्येच थांबून म्हणाला, “मैम, आप कहाँ प्रैक्टिस करती हैं?”

आई माझ्याकडे बघत होती. नाकात ऑक्सिजनची नळी, डोळे मात्र चांगले उघडे. एक क्षण वाटलं, कुठल्या तरी इस्पितळाचं नाव घ्यावं. पण तो औषधांचं सांगत होता, आणि तिच्याच औषधांचं; ते मला नीट कळायला हवं होतं.

“मैं डॉक्टर नहीं हूँ,” मी म्हणाले. “लैब में हूँ. आप मुझे आसान करके बताइए.”

“ओह. सॉरी, मैम,” तो म्हणाला आणि सगळं हिंदीत, सावकाश, पुन्हा सांगू लागला.

आईनं तोंड भिंतीकडे वळवलं. तो गेल्यावर मी तिच्या अंगावरची चादर नीट केली. दुपारी मी पेज भरवायला घेतली, तेव्हा ती वळली, दोन चमचे खाल्ले आणि म्हणाली, “मीठ कमी आहे.” मी खाली कँटीनमध्ये मीठ आणायला गेले. लिफ्ट बंद होती. जिन्याच्या वळणावर खिडकीपाशी मी थांबले आणि बाहेरच्या धुक्याकडे बघत बराच वेळ उभी राहिले. मग मीठ घेऊन वर गेले.