चेअरमनच्या खोलीतली हवा

ती घटना आठवली की आजही आधी गोंधळच आठवतो. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. कोल्हापुरात एका पतसंस्थेची नवी वातानुकूलित इमारत उभी राहिली होती. एका दुपारी वीज गेली, जनरेटर सुरू झाला आणि काही वेळाने चेअरमन आपल्या खोलीत खुर्चीवरच मृत आढळले. आम्ही पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद घेऊन पंचनामा केला. शवविच्छेदनात विषारी धुराने गुदमरल्याचे निघाले. पण खिडकी बंद असलेल्या खोलीत धूर आला कुठून, ते कुणालाच सांगता येईना.

मग ठाण्यात निनावी फोन आला. "चेअरमनची हवा एसीच्या ऑपरेटरनं तोडलीया. दोघांचं भांडण झालतं."

ऑपरेटरला आणले. भांडण त्याने कबूल केले.

"खोलीत हवा येत न्हाय म्हणून ते वरडले. पण त्यांच्या खोलीत हवा सोडायच्या झडपेची दांडी मी पुरी उघडी सोडलीया की. हवा जाती कुठं, मलाबी कळंना."

हवालदार म्हणाले, "पावणं, हवेला काय पाय फुटलं व्हय?"

ऑपरेटर रडू लागला. त्याच्यावर खुनाचा गुन्हा दाखल करायचा की नाही, एवढेच उरले होते.

त्याआधी मी यंत्रणा बसवणाऱ्या इंजिनिअरला बोलावून, सगळे पंखे चालू ठेवून, प्रत्येक खोलीतली हवा मोजून घेतली. इतर खोल्यांत ती ठरल्याप्रमाणे होती. चेअरमनच्या खोलीत झडप उघडी, तरी छतातल्या जाळीतून वारा शून्य. इंजिनिअरने उदबत्ती पेटवून खिडकीच्या फटीशी धरली. धूर आत ओढला जाऊन सरळ खोलीला लागून असलेल्या संडासातल्या, हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याकडे गेला. वरून हवा मिळत नसल्याने खोली बाहेरची हवा ओढत होती, आणि त्या खिडकीखालीच जनरेटर होता.

हवालदारांनी स्टुलावर चढून छताची जाळी काढली. आत घडी केलेला टॉवेल कोंबलेला होता.

दारात उभा असलेला पतसंस्थेचा म्हातारा शिपाई म्हणाला, "त्यो मी घातलाय. गार वारं मानेवर येतंय म्हणून साहेब कण्हायचे. त्यांना सांगितलं न्हाय, नको म्हणाले असते." मग टॉवेलकडे बघत, "म्हणजे माझ्यामुळं गेले व्हय, साहेब?"

ऑपरेटरला सोडले. अपघाती मृत्यूचा अहवाल पाठवला. शिपायासाठी मी चहा मागवला. नोकरीत मी माणसांचे हेतू शोधायला शिकलो होतो. इथे हेतू सापडला तो मायेचा, आणि त्याचे काय करायचे ते मला ठाऊक नव्हते.

यंदा पत्नी गेली. शेवटच्या आजारात तिला गारठा बाधू नये म्हणून खोलीच्या खिडक्या मीच लावून घेत असे. डॉक्टर म्हणतात, त्याचा काही संबंध नाही. मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारतो.