बिनमिठाचे मखाने

थोरल्या दिरांना लकवा झाला तेव्हापासून मी घरात पहारा देते, हे मला कुणी सांगायला नको. दीर मलकापूरला असतात. सकाळी डेअरीला दूध घालून आलेला धडधाकट माणूस दुपारी उजव्या अंगानं गेला. आता पाणी हवं असलं तरी त्यांना सांगता येत नाही, नुसते डोळे आपल्याकडे लागलेले असतात. त्यांना बघून परत आलो आणि त्याच आठवड्यात आमच्या ह्यांचं ब्लडप्रेशर तपासलं, तर तेही भलतंच वर. सख्खे भाऊ, एकाच ताटातले. मी त्याच दिवशी प्रेशर मोजायचं मशीन घरी आणलं.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली, तळलेलं बंद केलं आणि मिठावर हात आखडायला सांगितलं. पुढच्या भेटीपर्यंत आकडा उतरला नाही तर गोळी वाढवावी लागेल, किडनीच्या तपासण्याही कराव्या लागतील, म्हणाले. ह्यांनी मान डोलावली. ह्यांचं मान डोलावणं मी लग्नापासून बघते आहे, त्याला काही अर्थ नसतो.

जेवणाचं मी सांभाळलं असतं. खरी अडचण संध्याकाळच्या चहाची होती. साखर कारखान्यात उभा जन्म पाळीची नोकरी केलेला हा माणूस, चहाबरोबर भडंग नसेल तर ह्यांना दिवस मावळल्यासारखा वाटत नाही. चुरमुरे, शेंगदाणे, भरपूर लसूण आणि तेलाचा हात सढळ. मी बरणी लपवली की हे ती शोधून काढायचे. शेवटी पुण्याच्या लेकीनं फोनवर फर्मान सोडलं की आता घरात मखाने आण, तेलाशिवाय भाजता येतात, हलके असतात, बाबांना तेच दे.

मखाना आमच्या घरात कधी आलेला नव्हता. लक्ष्मीपुरीच्या बाजारात दुकानदारानं पाकीट पुढं केलं, त्याची किंमत ऐकून मी ते खाली ठेवलं, आणि दिरांचे डोळे आठवून पुन्हा उचललं. पहिला घाणा मी चुरमुरे परतावेत तसा मोठ्या आचेवर परतला. वरून डाग पडले, आत चिवट राहिले. हे एक मखाना बराच वेळ चघळत बसले आणि म्हणाले, "ह्ये खात्यात व्हय? थर्माकोल हाय की."

मी हार मानणारी नव्हे. दुसऱ्या वेळी जाड बुडाची कढई घेतली, आच अगदी बारीक ठेवली आणि गॅससमोरून हलले नाही. मखान्याला घाई चालत नाही. बराच वेळ काहीच होत नाहीसं वाटतं, मग उलथन्याखालचा आवाज बदलतो, मऊ खसखस जाऊन कोरडा खुळखुळाट येतो. एक उचलून चिमटीत दाबला तर कुर्रकन मोडला. मग चमचाभर तेलात ठेचलेला लसूण, कढीपत्ता, हळद, गॅस बंद करून वरून घरची चटणी, आणि त्यात सगळे मखाने घोळवले. आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षाचं तिखट. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, सगळा मसाला उन्हाळ्यात कांडपाच्या डंकावर कुटून आणायचा आणि बरणीत दाबून भरायचा. मिठाचा डबा मात्र मी उघडलासुद्धा नाही.

त्या दिवशी ह्यांनी वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि आणखी मागितले. इतका आनंद मला लेकीच्या लग्नातही झाला नसेल. मीही समोर बसून वाटीभर खाल्ले. मग रोजचंच झालं. भाजी-आमटीतही मी मीठ नावाला घालायचे आणि ह्यांच्या जिभेला बरं वाटावं म्हणून चटणी थोडी चढी टाकायचे.

आणि तरी आकडा उतरेना. रोज सकाळी मी ह्यांच्या दंडाला पट्टा बांधायचे, मशीन फुसफुसायचं आणि मी आकड्यावर डोळे लावून बसायचे. कधी जरा खाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. साहजिकच मला संशय आला, हा माणूस बाहेर खातो. हे फिरून आले की मी शर्टाचा वास घ्यायचे. एकदा मी मागोमाग गेले, तर हे बाकावर बसून कुणाशी तरी उसाच्या दरावर वाद घालत होते. तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. ते न्हाणीत जास्त वेळ राहिले की मी काहीतरी निमित्त काढून हाक मारायचे आणि उत्तर सरळ येतं का, जीभ जड तर नाही ना, हे कान देऊन ऐकायचे. त्यांनी वैतागून "काय गं" म्हटलं की मला बरं वाटायचं. मी भित्री झाले होते, अगदी खरं सांगायचं तर.

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी मी मखान्यांचा डबा बरोबर घेतला. नवऱ्याविरुद्ध तक्रार करायची होती, आणि माझ्याकडून काही कसूर नाही हे दाखवायचं होतं. डॉक्टरांनी प्रेशर मोजलं, कपाळाला आठी घातली. मी लगेच डबा उघडला आणि म्हटलं, घरात तर हे देते, मिठाचा खडा घालत नाही, आता बाहेर काय चालतं ते ह्यांनाच विचारा. डॉक्टरांनी एक मखाना तोंडात टाकला. मग दुसरा.

"वहिनी, मिठाला झकास झालेत की," ते म्हणाले. "चटणी घरचीच ना?"

मी हो म्हणाले आणि तिथंच मला कळलं. दर उन्हाळ्यात मी स्वतः डंकावर उभी राहते, चटणी वर्षभर टिकावी म्हणून त्यात खडेमीठ घालून घेते. शेजारणींना सांगते, मीठ कमी पडलं तर बुरशी येते. आणि इथं माझ्या डोक्यात चटणी म्हणजे फक्त तिखट. डॉक्टर हसले नाहीत. गोळी वाढवली, किडनीची तपासणी लिहून दिली आणि चटणी बंद करायला सांगितली.

बाहेर आलो. रिक्षा मिळेना म्हणून आम्ही दवाखान्याच्या पायरीवर थांबलो होतो. हे रस्त्याकडे बघत रिक्षा शोधत होते, आणि मला अचानक त्यांचा राग आला. कारण डंकावर मिरच्यांचं पोतं नेणारे हेच, आणि मीठ टाकताना 'आणखी घाला' म्हणणारेही हेच. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं का.

"पयल्या दिवशीच कळलं हुतं," ते म्हणाले. "खाल्ल्या खाल्ल्या."

मग बोलला का नाहीत म्हणून मी खरोखरच ओरडले. आतल्या बाकावरच्या बायका बघायला लागल्या.

"दादाचं झाल्यापासनं तू जेवत नव्हतीस. भाकरी मोडून तशीच ठेवायचीस. मी मखानं खाल्लं, तवा तूबी बसून खाल्लंस. म्हटलं, खाऊ दे. माझी गोळी हाय की."

मला रडू आलं, आणि तेवढाच रागही आला. मी जेवत नव्हते हे मला स्वतःला कळलं नव्हतं.

"आणि तुम्हाला काही झालं असतं, तर मी कुणासमोर बसून खाल्लं असतं?" मी म्हटलं.

मी उत्तराची वाट बघत उभी राहिले आणि ते येईना, तशी मी त्यांच्या तोंडाकडे निरखून बघितलं, ओठ वाकडा तर झाला नाही ना. मी त्यांचं मनगट घट्ट धरलं. मग ते हळूच म्हणाले, "चुकलं माझं." शब्द अगदी स्पष्ट होते.