मामंजींसमोर विचारलेला प्रश्न

एका म्हाताऱ्या मेंढपाळाच्या खांद्यावरचा टॉवेल मी न विचारता ओढून घेतला, तेव्हा मला स्वतःचं भारी कौतुक वाटलं होतं.

मी प्लास्टिक सर्जन. संभाजीनगरात हे सांगितलं की लोक नाकाबद्दल विचारतात, नाहीतर टकलाबद्दल. मग माझ्या डोक्याकडे बघून पुढचा प्रश्न गिळतात. पण माझं बरंचसं काम कॅन्सर झालेल्या बायकांशी. गाठीचं ऑपरेशन करणारे सर्जन वेगळे. स्तन काढावा लागणार असेल तर ते बाईला आधी माझ्याकडे पाठवतात. त्याच भुलीत नवा स्तन करून घ्यायचा, पुढं कधीतरी करायचा, की करायचाच नाही, हे तिनं ठरवायचं आणि मी फक्त समजावून सांगायचं. समजावून सांगण्याची मला हौस फार, घरातले त्यावरून वैतागलेलेच असतात.

ती गंगापूरकडच्या एका खेड्यातली, पस्तिशीच्या आतली. नवरा मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला गेलेला, म्हणून सोबत सासरा आलेला. ती खुर्चीच्या कडेवर बसली, पदर कपाळापर्यंत ओढलेला, तोंड भिंतीकडे. सासरा मात्र ऐसपैस बसून माझा शब्द न् शब्द ऐकत होता. असा श्रोता मिळाला की माझं भान सुटतं.

पाठीचा स्नायू कातडीसकट सोडवून काखेखालून पुढं कसा वळवतात, हे दाखवायला मी त्याचाच टॉवेल घेतला, त्याच्याच पाठीवर टाकला आणि एक टोक काखेत दाबून धरून बाकीचा छातीवर आणला.

"म्हंजे मूळ तोडायचं नाय," म्हातारा म्हणाला. "रगत चालू ठिवायचं."

"बरोबर बाबा. माझ्या विद्यार्थ्यांनाही इतक्या लवकर कळत नाही."

"आमचा जनम गेला मेंढरं सोलण्यात. कुठली नस कुठं जाती ते हाताला ठावं असतं."

झालं. तिथून आम्ही जे मेंढरांत शिरलो ते बराच वेळ बाहेर आलो नाही. लोकर कधी कातरतात, कोकराचा मोडलेला पाय कसा बांधतात, मला सगळं हवं होतं. शेवटी म्हातारंच म्हणालं, "साहेब, आमचं काय नाय. तिला इचारा. जीव तिचा हाय."

एवढा शहाणा माणूस. आणि मी काय केलं, तर खुर्ची वळवली आणि तिथंच, त्याच्यादेखत, मोठ्या आवाजात विचारलं, "काय ताई, छाती नवीन करून घ्यायची का?"

पदर जरासा हलला. मान आडवी गेली. मी कागदावर लिहून टाकलं, पेशंट नको म्हणते.

मी परमुलखातून आलेला असतो तर एक वेळ माफी होती. पण मी याच जिल्ह्यात वाढलो. आजोबांना ताक हवं का, हे माझी आई मला विचारायला लावायची, आजोबा दोन हातांवर बसलेले असताना. ज्या माणसासमोर सून ताकाचं नाव काढत नाही, त्याच्यासमोर मी तिच्याकडून स्तनाचा निर्णय मागितला होता.

आमच्या सिस्टरच्या हे लगेच लक्षात आलं. "सर, बाईंना एकदा एकट्यांना विचारू का?"

"कशाला? सगळ्यांसमोर विचारलं ना."

"म्हणूनच म्हणते."

मी हसलो आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. ते हसू आठवलं की अजून कानशिलं तापतात.

सासरा नसताना ती मला भेटली ती साधारण वर्षानं. ऑपरेशन, केमो, रेडिएशनचा शेक, सगळं उरकलं होतं. नवरा खाली औषधं घ्यायला गेला होता आणि सिस्टर तिला दंडाला धरून माझ्या खोलीत घेऊन आली.

"वळखलं का साहेब? तुमी मामंजींचा टॉवेल घेतला व्हता."

ओळखलं, म्हणालो. सिस्टरनं खूण केली तशी तिनं पाठ फिरवून झंपरमधून एक शिवलेली पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. मुठीएवढी, ठिपक्याच्या कापडाची.

"आधी लोकर भरली. पर ती हलकी, वर सरकायची. मग बाजरी भरली. कापूस येचाया वाकलं की भायेर पडती. मागल्या महिन्यात तर बाजरीत सोंडे, किडे झाले." ती स्वतःच हसली. "जाऊबाई म्हणती, पाखडून घे."

मला हसू आलं नाही. तयार पॅड मिळतात, एवढं साधं वाक्यही मी वर्षापूर्वी तिला सांगितलं नव्हतं. मेंढरांत वेळ संपला होता.

मी म्हणालो, ऑपरेशन अजूनही करता येईल. मात्र शेक दिलेली कातडी आखडते, काम अवघड होतं, बरं व्हायला वेळ लागतो. पुन्हा भूल, पुन्हा कितीतरी दिवस ओझं उचलायचं नाही.

"तवाच केलं असतं तर एकाच भुलीत झालं असतं?"

या प्रश्नाला देण्यासारखी लांबलचक उत्तरं माझ्याकडे आहेत. त्यातलं एकही धड खोटं नसतं. मी सुरुवातही केली, "तसं बघायला गेलं तर प्रत्येक पेशंटचं..." सिस्टर माझ्याकडे बघत होती.

"होय," मी म्हणालो. "झालं असतं. मी तुम्हाला नीट विचारलं नाही. माझी चूक झाली."

"इचारलं की. पर मामंजी बसल्याले. त्यांच्यासमोर म्या कधी पाणी बी मागितलं नाय."

"मनात काय होतं तेव्हा?" हे विचारायचा मला हक्क नव्हता, तरी विचारलं.

"करायचं व्हतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"आणि आता?" सिस्टरनं विचारलं.

तिनं टेबलावरची पिशवी उचलून हातात जोखली. मी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, मधे बोललो नाही.

"आता नको. पुन्यांदा निजून ऱ्हायचं, पुन्यांदा दुसऱ्यानं न्हाऊ घालायचं. आता कुठं घागर उचलायली मी."

तिचा नकार पक्का होता आणि तिचाच होता. पण तिच्यासमोर दोन सोपे रस्ते असतानाच मी एक बुजवून टाकला होता, आणि उरलेल्यावरून ती कुरकुर न करता चालली होती.

सिस्टरनं कपाटातून नमुन्याचे पॅड काढले आणि मला बाहेर जायला सांगितलं. माझ्याच खोलीबाहेरच्या बाकावर मी जाऊन बसलो. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. ती भडाभडा बोलत होती. एवढं बोलणारी बाई होती ती.

थोड्या वेळानं तिचा नवरा औषधांची पिशवी घेऊन आला. त्यानं मला कधी पाहिलं नव्हतं आणि अॅप्रन मी आतच विसरलो होतो.

"सरका जरा, पाव्हणं," तो म्हणाला आणि टेकला. "तुमचं बी माणूस आत हाय का?"

मी सरकलो, आणि व्हय म्हणालो.