सोनाबाईची बोडी

हसायचंय ना? मग आत्ताच पोटभर हसून घ्या. हा किस्सा मी दर वेळी हसत सुरू करतो आणि चहा संपेपर्यंत माझंच तोंड उतरतं. पण सांगतो. माझी गाढवगिरी मी नाही सांगायची, तर कोणी सांगायची?

एकोणीसशे पन्नास उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी मूळचा वाईकडचा, आणि नोकरी लागली ती थेट चांदा जिल्ह्यात! गोंडपिपरीच्या बाजूला एका कचेरीत कारकून. जाऊन जेमतेम चार महिने झालेले. तिथली भाषा मला येते अशी माझी ठाम समजूत होती. शेवटी मराठीच ना ती?

त्यात मला गोष्टी लिहायची खाज! तीही साधी नाही. गाणारा-वाजवणारा कोणी भेटला की त्याला धरायचं आणि म्हणायचं, ‘तुम्हाला आवडणारं एक गाणं सांगा. तुमचं नको, दुसऱ्या कुणाचं तरी.’ मग त्या गाण्यावरून गोष्ट रचायची. नागपूरच्या एका मासिकानं अशा तीन गोष्टी छापल्या होत्या. तीन! माझी मान इतकी ताठ झाली होती, की सदऱ्याची वरची गुंडी लागत नव्हती.

जवळच्या एका गावात झिंगरूभाऊ राहायचा. दंडारीत, म्हणजे तिकडच्या नाचगाण्याच्या खेळात, त्याच्यासारखा गळा दुसरा नव्हता. पौषात एका दुपारी मी त्याला गाठलं.

“माह्या गान्यात काय हाये बाबू? आमच्या सोनाबाईचं गानं आयका. थे रोवनीच्या टायमाले सोताच गाने जोडते.”

सोनाबाई त्याची शेजारीण. पन्नाशीची, काटक, धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, उभी. तिनं आधी लाजून पदर तोंडात धरला आणि मग असा काही सूर लावला, की मी वही उघडायची विसरलो!

बोडी माही भरली होती, सारं गाव जगवे गा,
पाळ फुटली एका राती, कोनी नाई पुसे गा,
बोडी माही सुकून गेली…

आता काय सांगू, माझ्या अंगावर काटाच आला. बोडी! आमच्याकडे बोडकी म्हणतात, इथे बोडी म्हणत असणार. नवरा गेला म्हणून डोईवरचे केस उतरवलेली बाई! भरल्या अंगाची, सगळ्या गावाला जेवूखाऊ घालणारी. आणि पाळ फुटली? कानाची पाळ हो! सासरच्यांनी दागिने ओरबाडून काढले असणार! मग बिचारी सुकणार नाही तर काय?

तरी मी चौकशी केली बरं का. अगदीच नाही असं नाही.

“झिंगरूभाऊ, हे खरं आहे?”

“खरं नाई त काय? आपल्याच गावची बोडी हाये.”

“अजून आहे?”

“हाये नं. पडून हाये तशीच.”

“आणि कोणी बघत नाही तिच्याकडे?”

“कोन पाहाते जी? म्हनून त तुमाले गानं सांगतलं. तुमी पेपरात लिवता. सायेब लोक वाचतीन. मिरुगाच्या आंदी काई झालं त झालं, नाई त यंदा आमी मेलो.”

सोनाबाईनं हात जोडले. “लिवा जी बाबू. चांगलं लिवा.”

मृग नक्षत्राच्या आधीच का, सोनाबाईनं हात का जोडले, गाव का मरेल, यातलं काहीसुद्धा मी विचारलं नाही. लेखकाला असले हिशेबी प्रश्न पडत नाहीत! मी घरी आलो आणि एका बैठकीत गोष्ट लिहून काढली. लिहिताना स्वतःच रडलो. वर शीर्षक ‘बोडी’, खाली ठसठशीत ओळ: सत्य घटनेवरून.

चैत्रात गोष्ट छापून आली. आमच्या साहेबांच्या बायकोनं वाचली आणि दोन दिवस जेवल्या नाहीत म्हणे. साहेबांनी मला आत बोलावून खुर्ची दिली. कारकुनाला खुर्ची! म्हणाले, “काय लिहिलंयस रे! पण या बाबतीत सरकार तरी काय करणार?”

आणि वैशाखात नागपूरहून दोन बाया माझा पत्ता शोधत येऊन थडकल्या. विधवांसाठी काम करणाऱ्या. सोबत रुंद काठाचं पातळ, आणि केस पुन्हा वाढावेत म्हणून माक्याच्या तेलाची बाटली! मी बैलगाडीत बसवून त्यांना गावात घेऊन गेलो. माझा रुबाब काय वर्णावा!

वेशीवरच झिंगरूभाऊ भेटला. थोरल्या बाईंनी लगेच विचारलं, “बोडी कुठे असते?”

झिंगरूभाऊचा चेहरा उजळला. “आले काय जी सायेब लोक! थे पाहा, तिकडं, शिवारात.”

“शिवारात? घरी नाही ठेवत तिला?”

“घरी कशी मावन बाई? थे लय मोठी हाये.”

दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. धाकटीनं डोळ्याला पदर लावला. “वय किती असेल हो?”

“माह्या आज्याच्या आज्यानं खोदली.”

“काय?”

“खोदली जी! सारा गाव मिळून खोदली.”

तोवर आम्ही शिवारात पोचलोच होतो. समोर भलं मोठं, कोरडं ठणठणीत तळं. तळाच्या चिखलाला भेगा पडलेल्या, आणि एका अंगाला मातीचा बांध खांडोळी होऊन पडलेला.

“हेच बोडी,” झिंगरूभाऊ म्हणाला. “आन थे तिची पाळ. फुटली.”

थोरल्या बाई हातात तेलाची बाटली धरून तशाच उभ्या राहिल्या.

सोनाबाई आणि आणखी पाच-दहा माणसं जमली. सोनाबाईनं मला विचारलं, “बाबू, बोडी म्हंजे तुमाले काय वाटलं?”

मी नुसता हातानं डोक्यावर वस्तरा फिरवून दाखवला.

असं हसलं ते गाव! सोनाबाई तर खाली बसूनच हसली. “आमच्यात नाई जी असं करत! नवरा मेला त बाईचा दुसरा पाट लावते.” त्या दोघी बायाही शेवटी हसल्या. मीही हसलो, काय करणार?

मग सोनाबाई एकदम थांबली. “मंग पाळीचं काईच नाई लिवलं तुमी?”

कोणी हसेना. तिची बांधी त्या बोडीच्या अगदी खालीच होती. बोडीत पाणी नाही, तर तिचा धान नाही. इतकं साधं होतं ते.

खरं सांगू? बोडकी बाई त्या गावात नव्हतीच. ती आमच्या घरात होती. माझी आत्या. लाल आलवणातली, मागच्या पडवीत बसणारी. तिच्यावर चार ओळी लिहायची माझी छाती झाली नाही, आणि इथे येऊन एका तळ्याचे केस उतरवले मी! याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्याच दिवशी मी अर्ज लिहिला. बोडी म्हणजे काय, पाळ म्हणजे काय, किती माती पडली आहे, सगळं सरळ. एक अलंकार नाही. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “वा! ही गोष्ट त्याहून सरस आहे. कोणत्या अंकात येणार?”

“साहेब, हे खरं आहे हो!”

“‘खरं आहे’ असं तर तू मागेही लिहिलं होतंस.”

अर्ज ढिगाऱ्यात खाली गेला. तो वर काढायला मी किती वेळा आत गेलो! पण साहेब मला बघितलं की हसायचे. पाऊस आला आणि फुटक्या पाळीतून वाहून गेला. आश्विनात धान पोटरीवर येऊन वाळला.

त्या वर्षी अर्धं गाव अहेरीकडच्या जंगलात बांबू तोडायला निघालं. मी वेशीवर जाऊन उभा राहिलो. सोनाबाई डोक्यावर गाठोडं घेऊन आली. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या, तर फार बरं झालं असतं.

ती म्हणाली, “बाबू, थ्या तुमच्या गोष्टीतल्या बाईचं मंग काय झालं जी?”

छापील गोष्टीत ती जिवंतच होती; तरी मी खाली मान घालून सांगितलं, “गेली ती. तळ्यात जीव दिला तिनं.”

सोनाबाईनं गाठोडं सावरलं आणि अगदी काळजीनं विचारलं, “पानी होतं काय जी त्याच्यात?”