एकतीस किलोला तुटलेली बॅग

कारखान्यात बाकी सगळे बॅगा करत, तोडकर त्या तोडत. त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण ते आता फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं. दुसऱ्या कुणी माल बिघडवला की साहेब त्याला झाडत. तोडकरांनी दिवसभरात काहीच बिघडवलं नाही, तर साहेब काळजीने विचारत, "आज बरं वाटत नाहीये का?"

नवी बॅग बाजारात जायच्या आधी तिचा नमुना तोडकरांच्या खोलीत येई. ते तिच्यात वाळूच्या पिशव्या भरत, तिला टेबलावरून खाली टाकत आणि शेवटी हँडल धरून हिसके देत. चेन उघडझाप करायला यंत्र होतं. हिसक्यांनाही आणायचं घाटत होतं, ते तोडकरांनी हाणून पाडलं. "यंत्राची गाडी सुटत नसते, साहेब. घाईतला हिसका त्याला कुठून जमणार?" साहेबांना हे पटलं, किंवा यंत्राची किंमत आठवली. वहीत तोडकर दोनच गोष्टी लिहीत: कुठे तुटली आणि किती किलोला. न तुटलेल्या बॅगेबद्दल ते नव्या भाडेकरूबद्दल बोलावं तसं बोलत. दिसायला बरी आहे, पण आपल्याला काय माहीत?

वीस वर्षं हेच केल्यावर हाताला खोड लागते. शेजारी नवी छत्री तोडकरांसमोर उघडत नसत. घरात बरण्यांची झाकणं, नळ आणि खिडक्यांच्या कड्या यांना हात लावायची त्यांना बंदी होती. बंदी बायकोने घातली होती, त्यामुळे अपील नव्हतं.

अशा माणसाच्या मुलीला दूरच्या शहरात नोकरी लागली. रविवारी सकाळी आठची बस, नऊ तासांचा प्रवास, पहिल्यांदाच एकटी. तिने चार दुकानं पालथी घालून स्वतःसाठी एक बॅग आणली. राखाडी, जाड कापडाची, बाटलीला बाहेर कप्पा, कागदांना आत, चपलांना खालून वेगळं दार. बाबांच्या कारखान्यातली तिने मुद्दामच घेतली नव्हती. "तुमच्या सगळ्या कुठे तुटतात ते मला पाठ आहे," ती म्हणाली.

तोडकरांनी बॅग उलटीपालटी केली. चेनचे दात धातूचे, कोपऱ्यांना दुहेरी पट्टी, आतल्या शिवणीसुद्धा झाकलेल्या. करणाऱ्याने डोकं वापरलं होतं. खोट सापडेना, म्हणजे काळजीचीच गोष्ट.

"चांगली आहे," ते म्हणाले.

"मग तशीच राहू दे," असं बजावून मुलगी मैत्रिणींचा निरोप घ्यायला गेली.

शनिवारची दुपार होती. बायको कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि खोलीत तोडकर आणि बॅग असे दोघेच उरले. बरं, मुलगी उद्या कुठल्या तरी अनोळखी स्टँडवर ही बॅग ओढणार, आणि ही किती सोसते ते बापालाच ठाऊक नाही, हे काही बरोबर नव्हतं. त्यांनी दाराच्या चौकटीला वजनकाटा टांगला, काट्याला बॅग. मुलीची जुनी पुस्तकं टाकली. सतरा किलो. इस्त्री आणि पाण्याचा कॅन टाकला. सव्वीस. मग पाटा-वरवंट्यातला वरवंटा टाकला, आणि एक हिसका दिला.

बायको धावत खाली आली तेव्हा तोडकर हातात नुसतं हँडल घेऊन उभे होते. इस्त्री वाचली होती, म्हणून संसारही वाचला.

"अहो, एक दिवस!" ती म्हणाली. "एक दिवस दम निघाला नाही तुम्हाला?"

तासाभराने मुलगी आली. तोडकरांनी सरळ निकालच सांगितला. "एकतीसला तुटते. तुझं सामान बावीस किलो. काळजीचं कारण नाही." आवाजातलं समाधान लपवायचं राहून गेलं.

"आणि ते बावीस किलो आता कशात नेऊ?"

हा प्रश्न वहीत कधी आलाच नव्हता.

"दुसरी आणतो ना, अशीच."

"शेवटची होती ती, बाबा." तिने हँडल उचललं, पाहिलं, ठेवलं. "मी जायला नकोय तुम्हाला. तसं सरळ सांगायचं होतं."

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. तसं नव्हतं, असं तोडकरांना म्हणायचं होतं. किंवा असलंच, तर ते त्यांनी कधी तपासून पाहिलं नव्हतं.

त्यांनी आपल्या कमरेचा पट्टा काढला, हँडलच्या दोन टोकांसाठी कात्रीने त्याचे दोन तुकडे केले आणि चामडं शिवायचा टोचा घेऊन खिडकीपाशी बसले. शिवण कुठे दगा देते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण टाका असा त्यांनी आयुष्यात एकही घातला नव्हता. आधी चौकोन शिवायचा, मग त्यात फुली, म्हणजे ओढ एकाच टाक्यावर येत नाही. पहिला चौकोन त्रिकोण झाला. उसवला. दुसऱ्यात बोट शिवलं गेलं. जेवणं होईपर्यंत दोन्ही बाजू झाल्या, वाकड्या पण घट्ट. एका हाताने विजार सावरत त्यांनी बॅग जमिनीवर ठेवली आणि दुसरा हात आपोआप हँडलकडे गेला.

"अहो," बायको म्हणाली.

त्यांनी हात खिशात घातला.

सकाळी सात वाजता बावीस किलो भरून बॅग दारात उभी होती. मुलगी वाकून त्या टाक्यांकडे बघत राहिली.

"ओढून बघितली?"

"नाही."

"आई, खरं?"

"खरंच गं. रात्रभर माझ्या उशाशी होती ती."

मुलगी बापाकडे वळली. "मग आता कितीला तुटेल?"

"माहीत नाही," तोडकर म्हणाले. हे शब्द त्यांना नवे होते, जरा अडखळलेच.

"आणि वाटेत तुटली तर?"

"तर फोन कर. मी येतो."

"नऊ तास लागतात, बाबा."

"टोचा घेऊन येतो."

ती हसली नाही, पण रुसवा तेवढा उतरला. तिने हँडल धरलं आणि बॅग उचलली. तोडकरांनी त्या वेळी भिंतीकडे तोंड केलं होतं. ती तीन मजले उतरून खाली पोचली, रिक्षात बसली आणि खालून ओरडली, "आहे अजून!"

"ऐकलंत का? आहे म्हणतेय," बायको म्हणाली.

"तीन मजल्यांनी काय कळतं," तोडकर म्हणाले, आणि संध्याकाळचे पाच वाजेपर्यंत फोनपाशी बसून राहिले.