तान्ह्या पोळ्यात आलेली प्लास्टिकची मोटार

थांबा, बाकी सगळं राहू द्या, मले हे आत्ताच सांगाचं हाय! चांद्याच्या टायपिंग क्लासात मशीन मोकळी सापडली अन् बोटं आपोआप पळून राह्यली. मास्तर आले तं इचारतील, हा कोनत्या धड्यातला मजकूर हाय म्हनून. इचारू द्या. आज सकाळी मामानं दुसरा डबा पाठवला. दुसरा! तसाच पुठ्ठ्याचा, झाकनावर मोटारीचं चित्र, आतमंदी मोटारीचे सुटे तुकडे. तो पाह्यला अन् पहिल्या डब्याच्या वक्ताचं सगळं एकदम वर आलं. आता सांगितल्याबिगर मले जेवन जानार नाई.

माहा मामा जहाजावर कामाले हाय. सावली नावाच्या धानाच्या गावातला मानूस जहाजावर कसा पोचला, ते वेगळं पुरान. मी शाळेत होती तवा तो एका उन्हाळ्यात आला अन् मले तो पहिला डबा देऊन बाजारात गेला. मी उघडला. आत मिठाई नाई, खेळनं नाई, नुसत्या पिवळ्या प्लास्टिकच्या चौकटी! बारीक काड्यांची चौकट अन् त्या काड्यांले मोटारीचे भाग लटकलेले. चाकं, दारं, दिवे, टप, सगळं बोटाएवढं.

आई वाकून म्हनली, "अवो माय, ह्या तं शेंगा लागल्या!"

मंग काय, आमी दोघी बसलो अन् तुरीच्या शेंगा तोडाव्या तसे सगळे तुकडे पटापट खुडून सुपात टाकले. चौकटीवर एकेका तुकड्यापाशी बारका आकडा होता, कोनता तुकडा कुठी बसते ते समजाले. हे आमाले मामा परत आल्यावर समजलं. त्यानं सूप पाह्यलं अन् डोक्याले हात लावला.

"बाई, तू मोटार पाखडून राह्यली काय?"

आई म्हनली, "मंग? निवडल्याबिगर चुलीवर ठेवू?"

मामा हसून हसून ओट्यावर लोळला. मंग म्हनला, आता झाकनावरचं चित्र पाहूनच जोडा लागन. अन् दोन दिवसांत तो निघून गेला, सूप माह्यापाशी ठेवून.

मी सगळा उन्हाळा त्या सुपापुढं काढला. झाकनावर मोटारीची एकच बाजू होती, पोटाखालचं काईच दिसे ना. गावात बांबू नेनारा ट्रक येऊन थांबे, तवा मी त्याच्याखाली शिरून पाहाची.

ड्रायव्हर ओरडला, "ए पोरी, ट्रकखाली काय शोधून राह्यली?"

"भाऊ, पुढचा आस कुठी अडकते ते पाहून राह्यली."

"कोनत्या गाडीचा?"

"माह्या!"

त्यानं माह्याकडं पाह्यलं, मंग सोताच खाली वाकून बोट लावून दाखवलं. म्हनला, "तुही गाडी बिघडली तं सांगजो, मी ढकलाले येईन."

तुकडे तं जुळले, पन चिकटवाचं कशानं? डब्यात डिंकाची एक नळी होती, ते आतल्या आत वाळून गोटा झालेली. माहे बाबा धानोऱ्याकडे जंगलमालाच्या कामावर होते, मोह, चारोळी, हिरडा असं गोळा कराच्या. त्यांनी मले धावड्याचा डिंक आनून दिला, मधासारखा रंग, एकदम खासा. मी तो वाटीत भिजवला अन् काडीनं लाव लाव लावला. काय चिकटली मोटार! दारं, दिवे, आस ज्याच्यात बसते त्या पोटाखालच्या कड्या, सगळं पक्कं. चाकं गरगर फिरून राह्यली. मी ते उचलून आईच्या नाकापुढं धरली अन् एकाच वक्ती रडली बी, हसली बी.

आता खरी गोष्ट.

आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असते. पोळ्याले खरे बैल, तान्ह्या पोळ्याले पोरांचे लाकडी बैल, खाली चाकं लावलेले. सगळे आपापला बैल सजवून आंब्याच्या पानाच्या तोरनाखाली रांगीत लावतात. तोरन तुटलं की दोरी धरून बैल घरोघरी ओढत नेतात, घरोघरच्या बाया बैलाची पूजा करतात अन् पोरांच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हंजे लाह्या, फुटाने, कधी पैसा. मले बोजाऱ्याचं काई नव्हतं. मले त्या तोरनाखाली उभं राहाचं होतं! दरवर्षी मी ओट्यावर बसून पाहाची. आमच्या गल्लीत पोरीले लाकडी बैल कोनी करूनच देत नव्हतं. इचारलं तं म्हनत, "तू पूजा कर ना बाई, ते काय कमी हाय?"

पन आता माह्यापाशी चार चाकं होती. दोरी लावली की झालं!

शेजारच्या पोट्ट्याले सांगितलं. त्याचा बैल गल्लीत सगळ्यात उंच, सागाचा, पाठीवर लाल झूल. तो म्हनला, "हाड्! मोटारीले शिंगं असतात काय? शिंगं नाई त्याले रांग नाई."

"तुह्या बैलाले शेपूट कुठी हाय?"

"ते मागच्या वर्षी तुटलं!"

"मंग तुह्या बैलाले शेपटाबिगर चालते, अन् माह्याले शिंगाबिगर काऊन नाई?"

भांडन सोडून मी घरात गेली, पन ते शिंगं डोक्यातून जाईनात. मंग सुचलं. तुकडे खुडल्यावर चौकटीच्या काड्या उरल्या होत्या. एक काडी चुलीतल्या निखाऱ्यापाशी धरली तं मऊ पडली अन् वाकली. अश्शी झोकदार वाकली! दोन शिंगं केली, डिंकानं टपावर बसवली, टोकाले लाल हिंगूळ लावला.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आभाळ होतं, पन पानी नव्हतं. मी मोटार घेऊन रांगीपाशी गेली. रांग लावनारे एक म्हातारे बाबा होते, सगळ्या गल्लीचे बाबा. पोट्टे कल्ला करून राह्यले होते, "बाबा, मोटार आली! बाबा, हिले हाकला!" बाबा खाली वाकले. शिंगांले बोट लावून पाह्यलं.

"काय खाते हा?"

"पेट्रोल, बाबा."

"लाथ मारते?"

"नाई बाबा, गरीब हाय."

"मंग लाव रांगीत. पन ध्यानात ठेव, बैल आपल्या पायानं घरोघरी गेला पायजे. कडेवर घेतला की रांगीबाहेर. हा नियम सगळ्यांले."

मी तोरनाखाली उभी राह्यली. बस, आता कसं सांगू? वर पानं, खाली माही पिवळी मोटार, एकीकडं सागाचा बैल, एकीकडं सावरीचा. तोरन तुटलं, सगळे ओरडले, अन् आमी पहिल्या घरी गेलो.

ते गल्लीतल्या एका काकूचं घर. काकू तांब्या घेऊन दारातच उभ्या होत्या. पोळ्याले बैल दारी आला की आधी त्याचे पाय धुतात, मंग कुंकू. काकूनं लाकडी बैलांच्या पायावर थेंब थेंब शिंपडलं. माह्यापाशी आल्या अन् थबकल्या. "हिले पाय कोनते म्हनावं?"

मी तं गर्वानं फुगली होती. मी म्हनलं, "चारही चाकं पाय हायेत, काकू. खऱ्या बैलाचे धुता तसे धुवा. चांगले धुवा!"

काकूनं चांगले धुतले. अर्धा तांब्या वतला, अंगठ्यानं चोळले. मंग कुंकू, तांदूळ, हळूहळू, मनापासून. तवर पानी डिंकात शिरून आपलं काम करून राह्यलं होतं. काकूनं हातावर लाह्या ठेवल्या, मी दोरी ओढली, मोटार पुढं आली अन् चाकं काकूच्या पायापाशी तशीच उभी!

सगळं आंगन हसलं. मी अजून ओढली तं एक दार गळलं. उचलून घेतली असती तं रांगीबाहेर. ओढली तं काईच उरत नाई. मी दोरी धरून तशीच उभी, डोळे भरलेले, मागं सगळी रांग अडकलेली.

शेजारचा पोट्टा म्हनला, "उचल ना वो! आमी कवाचे थांबून राह्यलो."

तवा काकू बोलल्या. तांब्या खाली ठेवला, कमरेवर हात ठेवला अन् म्हनल्या, "काऊन उचलन? बैल बसला हाय तिचा. बसलेल्या बैलाले कोनी ओढते काय? तुहा बाप नांगरावर असते अन् बैल बसला, तं त्याले खांद्यावर घेऊन पुढं जाते काय?"

सगळे बाबाकडं पाहाले लागले. बाबांनी मिशीवरून हात फिरवला. म्हनले, "खरं हाय. बैल बसला तं थांबा लागते. उठन तवा निघू."

अन् रांग थांबली! माह्यासाठी! सगळे पोट्टे काकूच्या आंगनात बसले, अन् बसून करतील काय? लागले कामाले. एकानं कुंपनाचे बाभळीचे काटे आनले, कड्या टोचून धरासाठी. एक बांबूची चपटी कमची घेऊन आला. बांधाले धागा पायजे होता. शेजारच्या पोट्ट्यानं थोडा वेळ इकडं तिकडं पाह्यलं, मंग आपल्या बैलाच्या लाल झुलीचा एक दोरा सर्रकन ओढून माह्या हाती देल्ला. म्हनला, "जल्दी बांध. लाह्या सरतील लोकाइच्या."

मोटार उठली. वाकडी चाले, एक चाक फिरेच ना, लाल दोऱ्यानं गुंडाळलेलं पोट, पन आपल्या पायानं चाले! काकू आमच्यापुढं घरोघरी गेल्या अन् प्रत्येक दारात आधीच ओरडल्या, "अवो बाई, त्या पिवळ्या बैलाचे पाय धुवू नोका! नुसतं कुंकू लावा, त्याले पानी मानवत नाई!" शेवटच्या घरापर्यंत मी रांगीत होती. शेवटच्या घरापर्यंत!

पुढच्या वर्षी गल्लीतल्या दोन पोरी रांगीत आल्या. एकीनं भोपळ्याचा बैल केलता, एकीनं मातीचा. कोनी काई म्हनलं नाई. बाबांनी फक्त इचारलं, "ह्यांले तरी पानी मानवते काय?"

आता हा दुसरा डबा माह्यापुढं हाय. यंदा एकही तुकडा खुडला नाई, आकडे सगळे जागच्या जागी. मी गावाकडं घेऊन जानार, अन् गल्लीतल्या पोट्ट्यापोट्टींले बसवून सगळ्यांच्या हातानं जोडनार.

मास्तर आले वाटते, थांबते. पन तुमी सांगा ना, तुमच्यासंगं झालं काय असं? सगळ्यांपुढं तुमची गाडी बसली अन् कोनी तरी म्हनलं काय, थांबा, हिले उठू द्या?