ड्रायव्हर नसलेली गाडी आणि घाटघरचा रस्ता

सिंगापूरहून मामेबहीण सुनीताचा फोन आला, म्हणून मी जुन्नरला निघाले. तिचे दिवस भरत आले होते. मामीचा जीव तिकडे लागलेला. पण मामा स्वतः जाईना आणि मामीलाही सोडेना. सुनीताच्या घराकडे जाणारी मेट्रो ड्रायव्हरशिवाय धावते, हे त्याने टीव्हीवर पाहिलं होतं. मामा एसटीचा ड्रायव्हर. मी पुण्यात अशाच गाड्यांच्या सिग्नलचं सॉफ्टवेअर तपासते, म्हणून समजावणीचं काम माझ्याकडे आलं.

शिवाजीनगरहून सकाळची एसटी धरावी. नारायणगावला ती बरीच थांबते, मिसळ निवांत होते. जुन्नरच्या स्टँडवर मामा मोटारसायकल घेऊन उभा होता.

"चल, नाणेघाट दावतो," म्हणाला. विषय टाळत होता.

घाटघरचा रस्ता अरुंद आणि उखडलेला. एसटीने येणार असाल तर परतीची गाडी आधी विचारून ठेवा. गावात एका घरी नाचणीची भाकरी आणि पिठलं मिळालं. मग आम्ही घाटाच्या तोंडाशी बसलो. खाली कोकण पसरलेलं.

मामानेच विचारलं, "त्या गाडीम्होरं म्हस आली तर?"

"रूळ बंदिस्त असतात, मामा."

"आन बिघाड झाला तर?"

"थांबते. पुढची वाट मोकळी आहे असा निरोप आला नाही, तर हलतच नाही."



"मीबी थांबलो व्हतो," मामा म्हणाला. "ह्याच रस्त्याला. लई धुकं, हातभरावरचं दिसंना. गाडीत एक बाळंतीण अडलेली. लोक वराडत व्हते, चल म्हून. मी न्हाई हाललो. धुकं इरलं तवा निघालो. बाई वाचली. मूल न्हाई. तिचा दादला अजून माझ्याकडं बघत न्हाई. तुझ्या गाडीला कोण जाब इचारतं?"

मामाने मोटारसायकल चालू केली, मी मागे बसले.

घरी आल्यावर मामी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "मी जाणार हाय. तुमी या, नायतर राहा."

दोघंही गेले. मुलगी झाली. महिन्याभराने मामाचा फोन आला, रोज त्या मेट्रोत पुढच्या काचेपाशी उभा राहतो म्हणून.

"भीती वाटते?"

"न्हाई. पर टेशन आलं का उजवा पाय आपसूक दाबला जातो."

हल्ली ऑफिसात गाडी थांबवण्याची चाचणी मी पुन्हा एकदा चालवते. पहिल्यांदा बरोबर आली असली तरी.